चढ आणि पोटऱ्या


साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटात धावणाऱ्यांच्या पोटऱ्या भरून येतात. का? चढावर टाच पुरती टेकत नाही. भार चवड्यावर, पर्यायाने पोटरीवर पडतो. जादा काम लादले की गाऱ्हाणे येणारच. आम्हां युनियनवाल्यांना हे नवे नाही. पावले आखूड टाका, मधूनमधून खुशाल चाला. घरी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचला, सावकाश खाली सोडा. एकदा गुडघे ताठ, एकदा वाकवून, कारण पोटरीत मोठे स्नायू दोन आहेत.

मात्र विडी ओढणाऱ्याची, आणि असे आमच्यात पुष्कळ, पोटरी दर वेळी ठराविक अंतरावर दुखत असेल व थांबताच राहत असेल, तर तेल चोळत बसू नका. रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. डॉक्टर गाठा. एकच पोटरी सुजून गरम झाली, तर त्याच दिवशी.