पेटीच्या आंतली केबल आणि बाहेरची केबल

घरोघरच्या कपाटांत जुन्या केबलींचा एक गुंता असतोच. ज्या बाह्य हार्ड डिस्कवर लग्नमुंजींचीं छायाचित्रें सांठविलीं, ती अनेक वर्षांनीं उघडण्याची वेळ येते, तेव्हां गृहस्थ त्या गुंत्यांत हात घालतो. आणि हातीं येतात दिसावयास जवळजवळ सारख्या अशा दोन केबली. त्यांतली एक साटा, दुसरी ई-साटा. पहिली २००३ सालीं संगणकाच्या पेटीच्या आंत वापरण्यासाठीं आली. दुसरी २००४ सालीं पेटीबाहेरच्या डिस्कसाठीं ठरविण्यांत आली. दोहोंतहि तारा सातच. मग भेद तो कोणता?

तो टोंकाशीं पाहावा. आंतल्या केबलीच्या तोंडांतील खांच इंग्रजी एल् अक्षरासारखी काटकोनांत वळलेली असते. बाहेरच्या केबलीची सरळ असते. म्हणून एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं, आणि बळेंच बसवूंहि नये. आंतली बहुधा चपटी. बाहेरची धातूच्या आवरणानें वेढलेली, म्हणून जाड. पहिलीची लांबी फार तर १ मीटर, दुसरीची २ मीटर. पहिलीचें टोंक सुमारें ५० वेळां काढण्याघालण्याच्या बेतानें केलेलें असतें; दुसरीचें ५००० वेळां.

ही कांहीं कारागिराची लहर नव्हे. पेटीचा पत्रा हेंच आंतल्या केबलीचें चिलखत होय. ती बाहेर ओढली, कीं आसपासच्या विद्युत्-यंत्रांचा उपद्रव तिला सोसावा लागतो. मजकुरांत चूक शिरल्यास यंत्र ती ओळखून तोच भाग पुन्हां मागवितें. त्यामुळें काम रेंगाळतें, आणि कधीं जोड मध्येंच तुटतो. नेमकीं त्याच क्षणीं छायाचित्रें लिहिलीं जात असतील, तर तीं अर्धवट राहण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट. साध्या ई-साटा केबलींतून वीज जात नाहीं. तेव्हां डिस्क फिरत नाहीं एवढ्यावरून ती मेली असें समजून टाकून देऊं नये. आधीं तिची वीज देणारी स्वतंत्र वायर शोधावी.

आज बाह्य डिस्कसाठीं यू.एस.बी. रूढ झाली असून ई-साटा क्वचितच दृष्टीस पडते. म्हणूनच तिची ओळख विसरली जाते, आणि अडगळ समजून ती केराच्या टोपलींत जाते. परंतु एखाद्या जुन्या डिस्कची तीच किल्ली असूं शकते. शहाण्या गृहस्थानें दोन्ही केबलींना नांवाची चिठ्ठी बांधावी, आणि बाहेरची केबल तिच्या डिस्कपाशींच ठेवावी.