कॅमेरा मुलांच्या हाती



विज्ञानाचा तास आठवतोय?
सर सांगायचे. आपण लिहून घ्यायचो.
मागच्या बाकावरच्या मुलाला काय वाटायचं?
ते कुणी विचारलंच नाही.

आता कॅमेराच त्याच्या हाती दिला तर?

ही कल्पना जुनी आहे.
साल 1967. कॅनडातलं फोगो बेट.
मासेमारी खालावलेली.
बेट सोडून जावं लागणार, अशी टांगती तलवार.
कॉलिन लो या दिग्दर्शकाने तिथल्या लोकांना बोलतं केलं.
मग त्या फिल्म त्यांनाच दाखवल्या.
कॅमेरा अजून बाहेरच्यांकडेच होता, हे खरं.
पण लोकांनी एकमेकांचं म्हणणं ऐकलं.
पुढे कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली.
बेट रिकामं झालं नाही.

आपल्याकडे 1984 मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतल्या कष्टकरी बायकांनी स्वतः कॅमेरा उचलला.
त्यातल्या काहींना अक्षरओळखही नव्हती.

आता हीच रीत विज्ञानशिक्षणात आली आहे.
अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या मुलांना वाटतं, हा विषय आपला नाही.
का वाटतं?
हे प्रश्नावलीत विचारलं, तर मुलं अनेकदा मोठ्यांना आवडेल तेच लिहितात.
व्हिडिओत मात्र ती आपली गल्ली दाखवतात, आपल्या बोलीत बोलतात.
अट एकच. काय ठेवायचं, काय कापायचं, तेही मुलांनीच ठरवायचं.
मोठ्यांचा हात इथेच शिवशिवतो!

म्हणूनच कॅमेरा कुणाच्या हाती, हे महत्त्वाचं.

आज घरातल्या मुलाला मोबाईल द्या.
म्हणा, “तुला विज्ञान कुठे दिसतं, दाखव बरं.”
आणि मध्ये बोलू नका.