नोटीस आली? आधी पान उलटून पाहा!
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीचं पान लाल पडलं की आपण घाईनं पंप पाठीवर घेतो. मी शेतकी कॉलेजात शिकलो, नंतर तुमच्या शेतावर पुन्हा शिकलो : आधी पान उलटून पाहायचं. खाली तुडतुडे असतील तर इलाज वेगळा, जमिनीत मॅग्नेशियम कमी असेल तर वेगळा. रोग न ओळखता मारलेला फवारा म्हणजे पैसा मातीत.

तहसिलीतून आलेल्या नोटिशीचंही तसंच आहे.

पीएम किसान योजना २०१९ साली आली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. पुढे नोटिसा निघाल्या : तुम्ही प्राप्तिकर भरता, तुम्ही अपात्र, घेतलेले पैसे परत करा. काहींनी ती नोटीस आढ्याला खोचली, काहींनी ज्वारी विकून पैसे भरले. दोघांचंही चुकलं.

परवा एक भाऊ माझ्याकडे आला. सहा एकर कोरडवाहू. नोटीस सात हप्त्यांची, १४,००० रुपयांची. बैल विकायला निघाला होता. मी म्हटलं, दादा, पासबुक आण. पासबुकात हप्ते पाचच! आणि कर? कर्जासाठी बँकेनं मागितलं म्हणून त्यानं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं होतं. त्यात कर शून्य. नियम सांगतो, मागच्या करवर्षात ज्यानं कर भरला तो अपात्र. विवरणपत्र भरणं म्हणजे कर भरणं नव्हे!

त्याचा लेखी अर्ज गेला आहे. निकाल यायचा आहे. पण बैल दावणीला आहे.

तेव्हा नोटीस आली की एवढं करा. ती कोणत्या तारखेला मिळाली ते तिच्यावरच लिहा. कारण कोणतं, हप्ते कोणते, रक्कम किती, हे पासबुकाशी ताडून पाहा. तहसीलदारांच्या नावानं अर्ज करा : कोणत्या वर्षी, किती कर भरल्याची नोंद तुमच्याकडे आहे, ते लेखी कळवा. सोबत पासबुकाची आणि विवरणपत्राची नक्कल जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका. तोंडी बोलण्याला तहसिलीत किंमत नाही. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

गप्प बसू नका. नाव कटलं तर राज्याच्या २०२३ च्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही अडतात.

आता एक कडू गोष्ट. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. शेत नवऱ्याच्या नावावर आणि बायको शाळेत पगारी मास्तरीण, कर भरणारी, तर ते पैसे आपले नाहीत. ते परत करा. एकदम जमत नसेल तर हप्ते पाडून मागा, तेही लेखी. पण पैसे पावती घेऊनच द्या, दलालाच्या हातात नाही.

सरकारचं आपल्याकडे निघत असेल तर पै न् पै देऊ. निघत नसेल तर एक पैही देणार नाही. पण आधी हिशोब!

पुढच्या बैठकीला नोटीस, पासबुक आणि सातबारा घेऊन या. अर्ज इथंच बसून लिहू.