शहरातील कला कोणाच्या अंगणात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्यापैकी काहींनी नापसंती दर्शवली, असे संयोजकांनी मला सांगितले. पाणी, घरे, शाळा हे प्रश्न आ वासून उभे असताना बागांतील शिल्पे आणि भिंतींवरील चित्रे यांवर एक संध्याकाळ कशासाठी दवडायची, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेप रास्त आहे. त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. परंतु त्याआधी आपल्या मुंबई शहराचा एक जुना हिशेब आपल्यापुढे मांडतो. मी आयुष्यभर राजस्व शिकवले. सौंदर्यशास्त्रात माझा अधिकार तोकडा आहे. पैसा कोठून आला, कोठे गेला आणि ते कोणी ठरवले, एवढेच पाहण्याची सवय मला आहे, आणि या विषयाला ती पुरेशी आहे असे मला वाटते.

फ्लोरा फाउंटन आपण सर्वांनी पाहिले आहे. ते १८६४ मध्ये उभे राहिले. परंतु ते कोटात उभारावयाचे नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते योजले गेले होते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी, आजच्या जिजामाता उद्यानासाठी. पुढे बेत बदलला. कोटाची तटबंदी पाडली जात होती, नवे व्यापारी शहर आकार घेत होते, आणि पोर्टलंडच्या दगडातील ती पुष्पदेवता भायखळ्याला न जाता जुन्या चर्चगेटच्या जागी विसावली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६५ मध्ये, नेमका उलटा प्रवास घडला. काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड स्वतंत्र देशाच्या भर चौकात शोभेनासा झाला, तेव्हा त्याची रवानगी भायखळ्याला, राणीच्या बागेत झाली. भायखळ्यासाठी आलेले कोटाने ठेवून घेतले आणि कोटाला नकोसे झालेले भायखळ्याकडे धाडले. १८६४ च्या आणि १९६५ च्या राज्यकर्त्यांत दुसरे काहीच समान नव्हते; शहराची दर्शनी बाजू कोणती आणि मागची बाजू कोणती, याविषयी मात्र त्यांचे एकमत होते.

भायखळ्यापाशी आणखी एक वस्तू आहे. खडा पारशी. शेठ कर्सेटजी माणेकजी श्रॉफ यांचे हे स्मारक त्यांच्या पुत्राने एकोणिसाव्या शतकात उभारले. ओतीव लोखंडाचे काम, जलपऱ्या, दिवे, असा सगळा थाट. पुढे उड्डाणपुलाच्या दोन भुजा त्याच्या दोन्ही अंगांनी गेल्या आणि शेठजी वाहनांच्या प्रवाहात अडकले. २०१४ मध्ये त्याची डागडुजी झाली, ती चांगली झाली. पण पूल आखताना या स्मारकाचे काय करावयाचे, हे आराखड्यातच ठरले असते तर आज माणसाला त्याच्यापाशी उभे राहून ते निवांत पाहता आले असते.

आता शहराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोटात फ्लोरा फाउंटन, त्याच्या शेजारी हाती मशाल घेतलेल्या कामगार-शेतकऱ्याचे हुतात्मा स्मारक, पुढे गेटवे आणि शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, विद्यापीठ, वस्तुसंग्रहालय, आणि २०१७ पासून स्वाराविना उभा असलेला नवा काळा घोडा. १९९९ पासून त्याच परिसरात दरवर्षी कला महोत्सवही भरतो. मला याचा आनंदच आहे. आता दुसऱ्या टोकाला, गोवंडी-मानखुर्दकडे चला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. दुरून दिसावी अशी कोणती वस्तू या शहराने तेथे उभी केली, असे विचारले तर १९२७ पासून रचत आणलेल्या देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखवावे लागते.

मधल्या काळात कलेवर पैसा खर्च झालाच नाही असे नाही. २०१४ मध्ये उघडलेल्या विमानतळाच्या नव्या इमारतीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या हजारो कलावस्तू भिंतींवर मांडल्या आहेत. संग्रह अप्रतिम आहे. तो पाहण्यासाठी विमानाचे तिकीट लागते, एवढेच. विमानतळाच्या भिंतीला लागून झोपड्यांत राहणाऱ्या माणसाने तो पाहिलेला नाही, आणि बहुधा पाहणारही नाही. सार्वजनिक वस्तू कोणती, याची आमच्या शास्त्रात एक साधी कसोटी आहे: एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि दारावर कोणाला अडवले जात नाही. फ्लोरा फाउंटन या कसोटीला उतरते. विमानतळावरील भिंत उतरत नाही.

आता त्या आक्षेपाकडे वळतो. आधी पाणी, मग कला, असे आपण म्हणतो तेव्हा कला ही घर, पाणी, दिवाबत्ती यांच्यानंतर, काही उरलेच तर देण्याची गोष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. असे 'उरलेले' आजवर कोणत्या गरीब वस्तीच्या वाट्याला आले आहे? एकाच दशकातील दोन शहरांची तुलना करू. १९२० मध्ये मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बीडीडी चाळी उठवल्या. २०७ चाळी, एकेका चाळीत ऐंशी खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पैसा उभा करण्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. सिमेंटचे ते ठोकळे इतके रुक्ष होते की वरळीच्या चाळींत आरंभी माणसे राहावयास येईनात. पुढे सत्याग्रहींना डांबण्यासाठी त्यांतल्या काहींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला, यातच सगळे आले.

त्याच वेळी व्हिएन्ना शहरात सोशल डेमोक्रॅटांची नगरपालिका घरे बांधत होती. युद्धात हरलेल्या, उपाशी देशाचे ते शहर. त्याचा अर्थसचिव ह्यूगो ब्राइटनर याने १९२३ मध्ये घरबांधणी कर बसवला. तो इतका चढता होता की सर्वांत महाग अर्ध्या टक्का मालमत्तांकडून चाळीस टक्क्यांहून अधिक उत्पन्न येई. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे उभी राहिली. त्यांतील कार्ल मार्क्स हॉफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब, तेराशेहून अधिक घरांची. घरे लहानच होती, हे मुद्दाम सांगतो. पण संडास आणि पाणी घरात होते, जमिनीचा पाचव्या हिश्श्याहून कमी भाग बांधकामाखाली होता, बाकी सारी अंगणे आणि बागा. आणि तिच्या मोठ्या कमानींवर योझेफ रीडल या शिल्पकाराच्या चार मूर्ती आहेत, समोरच्या बागेत बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. धुलाईघर, बालवाडी, ग्रंथालय यांच्या बरोबरीने या मूर्ती मूळ आराखड्यातच होत्या. घरे होऊ द्या, शिल्पांचे पुढे पाहू, असे तेथे कोणी म्हटले नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारने याच वसाहतीवर तोफा डागल्या. कामगाराने सुबक कमानीखालून घरी जाणे कोणाकोणाच्या डोळ्यांत किती सलत होते, याचा अंदाज त्यावरून येतो.

आमच्याकडे अशी संधी पुन्हा आली होती. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळ एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी तरतूद होती. २००१ मध्ये तीत बदल झाला आणि वाटणी केवळ रिकाम्या जमिनीची करावयाची असे ठरले. गिरणीची इमारत उभी होती ती जागा वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने हरकत घेतली, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोच बदल टिकला. गिरणगावात ज्या बागा व्हावयाच्या होत्या त्या अशा कागदावरच आक्रसल्या. आज मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर सांगतात. बागच नसेल तर शिल्प ठेवणार कोठे? म्हणून कलेच्या नियोजनाचा पहिला धडा जमिनीचा आहे. जागाच शिल्लक नाही, ही सबब मात्र मी पूर्णपणे मान्य करीत नाही. धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचराभूमीवरच झाले आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडले.

पैशाचे काय? बांधकामाच्या खर्चातील ठराविक टक्का कलेसाठी राखण्याची प्रथा नवी नाही. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींसाठी एक टक्का बांधला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये तसाच नियम केला, आणि मग तो अनेक शहरांत पसरला. आपल्याकडचे उत्साही लोक हीच योजना जशीच्या तशी मागतात. येथे मला थांबून एक धोका सांगितला पाहिजे. जेथे बांधकाम तेथे टक्का, असा नियम केला की कला बांधकामाच्या मागे जाते, आणि बांधकाम पैशाच्या मागे जाते. मुंबईत तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून सागरी किनारा रस्ता झाला. त्याचा टक्का तेथेच खर्च केला तर शिल्पे पुन्हा मरीन ड्राइव्ह ते वरळीच्या समुद्रकाठी उभी राहतील; गोवंडीच्या वाट्याला गटाराच्या दुरुस्तीवरील टक्का येईल. म्हणून टक्का सर्व कामांवरून गोळा करावा, एका निधीत टाकावा आणि विभागवार वाटावा. वाटताना ज्या विभागात माणशी मोकळी जागा आणि आजवरची कलाकामे कमी, त्याला अधिक.

आकडे घाबरवणारे नाहीत. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक होता. त्यात भांडवली खर्च सुमारे ४३ हजार कोटी. टक्का सोडा, त्याचा दहावा हिस्सा घ्या. ४३ कोटी होतात. पूर्वापार चोवीस विभागांत समान वाटले तरी विभागामागे पावणेदोन कोटी. कोणाचेही पाणी तोडावे लागत नाही.

यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम शहराने अलीकडेच दुसऱ्या नावाखाली खर्चास काढली. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारच्या पुढाकाराने सुमारे सतराशे कोटींचा सुशोभीकरणाचा कार्यक्रम जाहीर झाला. रंगीत दिवे, पुलांखाली रंगरंगोटी, झाडांवर विजेच्या माळा. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता, प्रश्न विचारण्यास सभागृहच नव्हते. सुशोभीकरण आणि कला यांतील फरक मी असा करतो: सुशोभीकरणाची निविदा निघते आणि कंत्राटदार ठरतो, कलेला कर्ता असतो, त्याचे नाव असते आणि ज्या वस्तीत ती उभी राहते त्या वस्तीशी तिचे काही बोलणे झालेले असते. २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये झालेल्या कलाप्रकल्पात तेथील कोळी बांधवांचे चेहरे आणि त्यांचे काम चित्रांचा विषय झाले. प्रदर्शन काही आठवड्यांचेच होते, पण दिशा योग्य होती.

कर्ते आपल्याकडे कमी नाहीत. जे. जे. कलाशाळा १८५७ पासून शिल्पकार आणि चित्रकार घडवीत आली आहे. लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत, मंडपाच्या कामांत किती हात तरबेज आहेत हे मी आपल्याला सांगावयास नको. सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांचा धंदा फ्लेक्सच्या छपाईने बसवला. १९३५ ते १९४३ या काळात मंदीतल्या अमेरिकेने बेकार चित्रकारांना सरकारी वेतनावर घेऊन पोस्ट, शाळा, इस्पितळांच्या भिंती रंगवून घेतल्या. हा रोजगाराचा कार्यक्रम होता, दानधर्म नव्हता. आपणही मागणी त्याच भाषेत केली पाहिजे: ठरलेला मोबदला, वेळेवर, आणि निधीतील निदान पाचवा हिस्सा देखभालीसाठी बांधलेला. उद्घाटनाला मंत्री येतो. गंजलेला खिळा बदलायला कोणी येत नाही.

पुतळ्यांविषयी बोललो नाही तर आपण मला सोडणार नाही. थोरांचे पुतळे असू नयेत असे मी म्हणत नाही. हुतात्मा स्मारक पाहून माझ्या पिढीतील कोणाचे मन हलत नाही? पण सार्वजनिक कला म्हणजे पुतळा, आणि पुतळा म्हणजे उंची, हे समीकरण मला मान्य नाही. गुजरातेत १८२ मीटरच्या एका पुतळ्यावर सुमारे तीन हजार कोटी खर्च झाले. २०१८ मध्ये त्याचे अनावरण झाले. आपल्या वर काढलेल्या ४३ कोटींच्या निधीने तेवढ्याच रकमेत मुंबईचे सर्व विभाग जवळजवळ सत्तर वर्षे चालतील. शिवाय पुतळा बसला की वाद संपतो असेही नाही. कोणाचा, कोठे, किती मोठा, यावरून वस्त्या दुभंगलेल्या आपण पाहिल्या आहेत. पाण्याच्या नळापाशी सुरेख दगडी चौथरा, शाळेच्या कुंपणावर मुलांनी आणि चित्रकाराने मिळून केलेले भित्तिचित्र, वृद्धांच्या कट्ट्याशेजारी त्या मोहल्ल्याच्या धंद्याची आठवण देणारे एखादे शिल्प, यांवरून दंगल झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

निर्णय कोणी घ्यावा, यावर मतभेद होतील. माझे मत असे की विभागपातळीवर लहान समिती असावी, तीत नगरसेवक, त्या भागातील रहिवासी, कामगार संघटना आणि दोन-तीन कलावंत असावेत, आणि कलावंतांना अल्पमत असले तरी लेखी भिन्नमत नोंदवण्याचा हक्क असावा. वस्तीला विचारल्याने सर्व कामे उत्तम होतील असा माझा दावा नाही. काही सुमार होतील. सुमार कामे न विचारताही भरपूर होतच आहेत.

महापालिकेचा अर्थसंकल्प सामान्यतः फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो, म्हणजे मागणी त्याआधी दोन-तीन महिने पोचली पाहिजे. त्यासाठी आपल्या विभाग कार्यालयातून दोन याद्या मिळवा. एक, विकास आराखड्यात बाग किंवा मैदान म्हणून राखलेल्या भूखंडांची, आणि त्यांतील किती प्रत्यक्ष ताब्यात आहेत त्याची. दुसरी, गेल्या तीन वर्षांत सुशोभीकरणाखाली झालेल्या कामांची, रकमेसह. एम-पूर्वच्या कार्यकर्त्यांनी सुरुवात केली तर मी स्वतः हिशेबाला बसेन; फक्त आकडे विभागाच्या शिक्क्यानिशी आणा.