उतरलेला धूर

(धुळे येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत बोजा उचलतो अन् रात्री कविता लिहितो. कायद्याची डिग्री माझ्याकडं नाही. पण गेटवर इंजिन चालू ठेवून ट्रकांची रांग लागते, तिच्या कडेला बसून आम्ही भाकर खातो. रुमालात शिंकलं की काळं येतं. तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क मी कुणाकडून मागून घेणार नाही.

मघाशी मागून एक भाऊ बोलला, 'मुंबईना धूर मुंबईमा, आमले काय?' आज त्यालाच उत्तर देतो.

1985 साली एम. सी. मेहता या वकिलानं दिल्लीच्या हवेसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज टाकला. कागद फिरत राहिले. 28 जुलै 1998 ला कोर्टानं हुकूम केला : दिल्लीतल्या सगळ्या बसगाड्या 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणा. सरकारनं काय केलं? सरकार करतं तेच. गॅस नाही, पंप नाही, मुदत द्या. मुदत संपली की आणखी मुदत द्या. शेवटी 5 एप्रिल 2002 ला कोर्टानं दर डिझेल बसला रोज 500 रुपये दंड लावला, तीस दिवसांनंतर रोज 1000. तेव्हा कुठं ते वर्ष सरता सरता डिझेलच्या बसा हलल्या. म्हणजे बघा, चार वर्षं साहेबांच्या फायलीत जे हललं नाही, ते रोजच्या दंडानं हललं.

मुंबईत 1999 ला रहिवाशांची एक संघटना हायकोर्टात गेली. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम. नावातच सगळं आलं, धुरानं बाधलेले रहिवासी. कोर्टानं व्ही. एम. लाल यांची समिती नेमली. पुढं हुकूम निघाले : जुन्या टॅक्सी, रिक्षा गॅसवर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा. हवा सुधारायला पाहिजे होती, मी हुकुमाच्या विरोधात नाही. पण पैसे कुणी मोजले? भाड्याच्या गाडीवर बारा-बारा तास घासणाऱ्यानं. ज्यानं ते इंजिन बनवून विकलं, त्याला कुणी गॅरेजच्या दारात उभं केलं नाही.

कारखानदारालाही दणका बसलाय, तेही सांगतो. 29 मार्च 2017 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 1 एप्रिलपासून बीएस-तीनची एकही गाडी विकायची नाही. न विकलेल्या गाड्या सव्वाआठ लाखांच्या घरात होत्या. कोर्टानं स्पष्ट म्हटलं, कंपनीच्या धंद्यापेक्षा लोकांची तब्येत मोठी. मग दोन दिवस शोरूमला जत्रा! हजारोंची सूट लावून तो धूर लोकांच्या गळ्यात मारला. हुकुमाची तारीख उजाडायच्या आत माल घरोघर पोचला. आता ती गाडी पंधरा वर्षं धूर सोडणार.

आणि आत्ताचं बघा. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं आपण होऊन हवेचा विषय हाती घेतला. जानेवारी 2025 मध्ये विचारलं, मुंबईतल्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का? सरकारनं 22 जानेवारीला सात जणांची समिती नेमली. समिती म्हणजे सरकारची आवडती मुदत. त्याच महिन्यात लाकूड-कोळशाच्या भट्टीवाल्या बेकऱ्यांना मात्र सहा महिन्यांत गॅसवर या म्हणून सांगितलं होतं. मोटारीच्या मालकाला प्रश्न, पाववाल्याला तारीख. हा फरक मला खुपतो.

आता भाऊ, तुझं उत्तर. मोठ्या शहरात गाडीची मुदत संपली म्हणून गाडी मरत नाही. ना हरकत दाखला घेते आन् दुसऱ्या जिल्ह्यात नांदायला जाते. धुळ्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचार, पाट्या कुठकुठल्या येतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर मालकाची उतरलेली कापडं यायची. आता शहराचा उतरलेला धूर आपल्या छातीवर येतोय. वर आपलं धुळं हमरस्त्यांच्या तिठ्यावर : मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर, सोलापूरचा रस्ता. रात्रंदिवस देशाचा माल इथून जातो, आन् कडेला चहा-भजी विकणारी माणसं आपली.

केंद्र सरकारनं 2019 ला स्वच्छ हवेचा कार्यक्रम काढला. ज्या शहरांच्या हवेचे आकडे सलग पाच वर्षं हद्दीबाहेर, त्यांची यादी केली, पैसा दिला. महाराष्ट्रातली बरीच शहरं त्यात आहेत. शेजारचं जळगाव आहे. धुळं नाही. याचा अर्थ आपल्याकडं धूर नाही असा कुणी लावत असेल, तर त्यानं तासभर हायवेच्या चौकात उभं राहून दाखवावं.

बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 ला घटना समितीत बत्तिसाव्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं. याच कलमाचं दार ठोठावून मेहता आत गेले. हायकोर्टाचं दार म्हणजे कलम 226, आणि धुळ्याला ते औरंगाबाद खंडपीठात उघडतं. एका एसटीच्या अंतरावर. मुंबईत दार ठोठावणारे सुशिक्षित रहिवासी होते, वकील शोधायची त्यांची ऐपत होती. झोपडीतला, हातगाडीवरचा माणूस त्या धुरात सगळ्यात जास्त होता, कागदावर मात्र त्याचं नाव नव्हतं. आपल्या अर्जावर त्याचंच नाव आधी पाहिजे.

अर्ज भावनेवर टिकत नाही, पुराव्यावर टिकतो. म्हणून कामं वाटून घेऊ. चार पोरांनी माहितीच्या अधिकारात प्रदूषण मंडळाकडून धुळ्याच्या हवेचे आकडे मागायचे. चार जणांनी आरटीओकडून गेल्या दहा वर्षांत बाहेरून आलेल्या जुन्या गाड्यांची संख्या मागायची. ज्यांच्या वस्त्या हमरस्त्याला लागून आहेत, त्यांनी दम्याच्या पोरांचे दवाखान्याचे कागद जमवायचे, घरच्यांना विचारूनच. 1937 ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्याच्या आठवणीला 31 जुलैला तिथं आपली माणसं दरवर्षी जमतात. तोवर आकडे हातात आले पाहिजेत. सह्यांचा कागद तिथं मांडू, अंगठ्याची शाई मी आणतो.