कागदावरचा स्वर आणि हातातला स्वर

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



मराठीच्या अध्यापकाने चेलो या पाश्चात्त्य वाद्याविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु जे लिहिले जाते आणि जे लिहिले जात नाही त्यांचे नाते काय, हा प्रश्न या वाद्याच्या विसाव्या शतकातील इतिहासात मला फार स्पष्टपणे दिसला, आणि तो ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मांडण्याजोगा वाटला.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो. तारा चार, शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे अंतर. बाखने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या एकट्या वाद्यासाठी सहा रचनामाला लिहिल्या. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे चेलो वाद्यवृंदात राहिला, पियानोच्या सोबतीने वाजला. त्याने एकट्याने सभा पेलावी असे थोर रचनाकारांना क्वचितच वाटले.

हे चित्र पालटण्यास १९१५ साली हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांचा सोनाटा मोठाच कारणीभूत झाला. त्यात खालच्या दोन तारा नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवून घ्याव्या लागतात. त्यामुळे सर्वांत जाड तार रचनेच्या आधारस्वरावर येऊन बसते, आणि तंबोऱ्याला सरावलेल्या आपल्या कानाला तेथे खर्जाचा षड्ज सापडल्यासारखे होते. गज एका तारेवर फिरत असताना डाव्या हाताचे बोट दुसरी तार छेडते. एकाच वाद्यातून दोन-तीन वाद्ये बोलू लागतात. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते निराळेच. कोदाय १९०५ पासून खेडोपाडी हिंडून, आणि पुढे बेला बार्तोक यांच्या सहकार्याने, लोकगीते टिपून घेत होते. सोनाटाच्या अखेरच्या भागात गावजत्रेतील वाद्यांचा नाच ऐकू येतो. ज्या पानांना आपण अभिजात म्हणतो, त्यांतील पुष्कळसा ऐवज स्वरलिपीचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्यांच्या गळ्यातून आलेला आहे.

योगायोग पाहा. त्याच सुमारास, १९१६ साली, बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्यामागे पं. विष्णु नारायण भातखंडे होते. गवयांच्या कंठातील बंदिशी कागदावर उतरविण्याचा त्यांचा उद्योग तेव्हा चालूच होता. बंदिश कागदावर येते, गायकी येत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला जाई. तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे भातखंड्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हटले पाहिजे.

आता अमेरिकेकडे वळू. कारण कागदाबाहेर जाणाऱ्या चेलोची कहाणी तेथे घडली. जॅझ हे आफ्रिकी-अमेरिकनांनी घडविलेले संगीत. त्यात वादक जागच्या जागी जो विस्तार करतो, त्याला आपला शब्द उपज. या संगीतात चेलोला फारसे स्थान नव्हते. ऑस्कर पेटिफर्ड या बासवादकाचा १९४९ मध्ये हात मोडला, तेव्हा त्याने चेलो जवळ केला. रॉन कार्टर यांची हकीकत याच्या उलट आणि अधिक कडू. ते दहाव्या वर्षी चेलो शिकू लागले. पण कृष्णवर्णी मुलाला अभिजात चेलोवादक म्हणून वाव मिळत नाही हे ध्यानी येताच शाळेत असतानाच बासकडे वळले. पुढे १९६० साली एरिक डॉल्फी यांच्या ‘आउट देअर’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी पुन्हा चेलो हाती घेतला. छापील कागद सर्वांस खुला असतो, असे आपण समजतो. त्याच्या दाराशीही पहारेकरी उभे असतात.

ज्यांच्यासाठी मी हा विषय निवडला ते अब्दुल वदूद (१९४७-२०२२) क्लीव्हलंडचे. ओबरलिन व स्टोनी ब्रुक येथे त्यांनी अभिजात वादनाचे रीतसर शिक्षण घेतले, न्यू जर्सीच्या सिंफनी वाद्यवृंदात वाजविले, आणि जॅझमधील अत्यंत धाडसी मंडळींतही ते तितक्याच सहजपणे वावरले. १९७२ च्या ‘डोगॉन ए. डी.’ या ज्युलियस हेम्फिल यांच्या रचनेत अकरा मात्रांच्या आवर्तनावर वदूद एकच खरखरीत बोल गजाने पुनःपुन्हा ओढत राहतात. तबलावादनाला लेहरा धरावा तसा. फरक इतकाच की हा लेहरा मागे बसायला तयार नसतो.

मग १९७७ साली त्यांनी स्वतःच्या बिशारा या लहानशा संस्थेतर्फे ‘बाय मायसेल्फ’ ही तबकडी काढली. साथीला कोणी नाही. आरंभापासून अखेरपर्यंत एकटा चेलो. कधी गजाने गातात, कधी गिटारसारख्या तारा झंकारतात, कधी बासच्या चालीने खालची तार चालवीत तिच्यावर वरचे स्वर खेळवतात. काही ठिकाणी विस्तार रेंगाळतो, रियाजाच्या खोलीबाहेर आपण उभे आहोत असे वाटते. उपज म्हटली की हे यायचेच. वदूद यांनी कोदाय यांचे अनुकरण केले, असे माझे म्हणणे नाही. एका वाद्यात अनेक वाद्ये वसतात ही जी गोष्ट कोदाय यांनी लिहून दाखविली, ती कागदाची विद्या अंगी असलेल्या वादकाने येथे कागदावाचून करून दाखविली आहे.

परंतु दोघांच्या नशिबात फरक पडला. कोदाय यांचा सोनाटा छापला गेला. तो आज जगभरचे विद्यार्थी वाजवितात. वदूद यांचे वादन त्या तबकडीच्या खाचांपुरतेच होते. नव्वदीच्या दशकात त्यांनी जाहीर वादन थांबविले. मूळ तबकडी अनेक वर्षे दुर्मिळ राहिली, आणि २०२३ साली, ते गेल्यानंतर, पुन्हा निघाली.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. आपल्या सभासदांच्या घरी जुन्या मैफलींच्या आणि कीर्तनांच्या ध्वनिफिती असतील. ओलीने त्यांवर बुरशी चढत असेल. त्या मागवून घ्याव्यात, त्यांच्या प्रती कराव्यात, आणि पुस्तकांच्या दाखलनोंदवहीतच त्यांनाही क्रमांक द्यावेत. निराळी वही करू नये. गायकाचे नाव, ठिकाण, साल आणि साथीदार एवढे जरी नोंदले गेले, तरी पुष्कळ झाले. हे सांगणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत.

माझे बोलणे येथे थांबवितो. आता प्रथम कोदाय यांच्या सोनाटाचा अखेरचा भाग ऐकू आणि त्यामागोमाग वदूद यांच्या तबकडीची पहिली बाजू.