चादरीला मानांकन, विणणाऱ्याला काय?



काम शिकवायला सोलापूरला शाळेची वाट कधी बघावी लागली नाही. 1877 साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं मागाच्या खडखडाटातच मोठी झाली, आणि विड्या वळायला तर मुली आईच्या शेजारी बसूनच शिकल्या. पुढे गिरण्यांना कुलपं लागली. हातात कसब भरपूर होतं, पण ते कुठल्या कागदावर नव्हतं. मग मिळेल त्या मजुरीवर मिळेल ते काम. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मलाही अभिमान आहे. पण ते चादरीला मिळालं, विणणाऱ्याला नव्हे.

ती उणीव भरून काढायला, तुम्ही शिकलात तशी सामुदायिक महाविद्यालयं आहेत. अमेरिकेत जोलिएटला 1901 मध्ये असं पहिलं सार्वजनिक कॉलेज निघालं, आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना 2013 च्या सुमारास आली. इतिहास एवढा पुरे.

‘हाताचंच काम करायचं, तर गणित आणि इंग्रजी कशाला?’ हा प्रश्न तुम्हीही विचारला असेल. जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरताना बघा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक भोक चुकलं, की मोराच्या मानेतला तोच दोष चादरीमागून चादरीत उमटत राहतो. आता नक्षी संगणकावर काढतात; पण कुठला धागा का उचलायचा हे न कळणारा माणूस नुसती बटणं दाबतो, आणि त्याला पगारही बटणं दाबण्याचाच मिळतो.

कुणी म्हणेल, पदवी नाही, नुसतं सर्टिफिकेट. म्हणू द्या. 2020 च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी अशा पायऱ्या आहेत, मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. अर्थात कागदावरची पायरी आपोआप पायाखाली येत नाही. विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन ‘माझे श्रेयांक पुढे धरणार का?’ असं विचारावं लागेल. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा जा.

चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ‘आधी सहा महिने फुकट शिक’ म्हणालं, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं नाव घ्या. त्या कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. बोलताना आवाज चढवायची गरज नाही, कायदा माहीत आहे एवढं समोरच्याला कळलं तरी पुष्कळ.

आणि घरी जाताना वाटेत आज मिळालेल्या प्रमाणपत्राच्या चार-पाच झेरॉक्स काढा. मालकाने मागितलं तर झेरॉक्स द्यायची. मूळ प्रत कुणाकडेही ठेवायला द्यायची नाही.